‘च’पाशी थांबणारी फाईल
मराठी मजकूर, पर्लची भाषा आणि संगणकीय लेखनिकांची पाठचिकित्सा

हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी लेखनिक बहुधा एक कबुली देऊन ठेवत असे : समोरच्या पोथीत जसे दिसले तसे मी उतरवले, चूक असेल तर दोष मला देऊ नका. ही कबुली वाचून अभ्यासकाला धीर यावा, पण त्याचा अनुभव उलटाच असतो. लेखनिक ‘जसे दिसले तसे’ क्वचितच उतरवतो. ओळीच्या शेवटी सारखे शब्द आले की त्याची नजर घसरते, कठीण शब्दाच्या जागी तो सोपा शब्द ठेवतो, कधी एखादे पानच वगळतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. त्या कामाचा पायाच हा होता की चुकांना वळण असते. एकाच वळणाच्या चुका दोन पोथ्यांत सापडल्या तर त्यांचा मूळपुरुष बहुधा एक असतो. म्हणजे चूक हाच पुरावा.

संगणकातली फाईलही कोणीतरी वाचते, उतरवते आणि पुढे देते. ‘संगणक चुकत नाही’ अशा समजुतीमुळे आपण या नव्या लेखनिकाच्या चुका तपासत नाही. त्याच्याही चुकांना वळण असते, आणि मराठी मजकुराच्या बाबतीत ते वळण आपल्या वर्णमालेत आणि व्याकरणात जाऊन पोचते. या लेखात अशाच काही चुकांची पाठचिकित्सा करायची आहे. लेखनिक आहे पर्ल ही संगणकभाषा, आणि पोथ्या आहेत मुळशी तालुक्यातल्या ओव्यांच्या फायली.

ओव्यांच्या फायली

मी लवळ्यात राहतो. डोंगरावर दोन विद्यापीठे आली, रस्ते रुंद झाले आणि गावाची ओळख बदलली. पण मुळशी-मावळचा हा पट्टा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला आणखी एका कारणाने ठाऊक असतो : जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी या भागातून काम सुरू करून महाराष्ट्रभरच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्या संग्रहाला संगणकीय शिस्त लावली, आणि २०१७ पासून तो ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयातर्फे वाचकांसमोर येत आहे. इथे सांगतो त्या फायली त्या प्रकल्पाच्या नव्हेत. पण त्या कामाचा वारा लागून गावोगावच्या शिक्षिकांनी, नातवंडांनी आपापल्या घरच्या ओव्या वह्यांत उतरवल्या आणि पुढे संगणकावर टंकित केल्या. अशा घरगुती संग्रहांच्या जुन्या फायली वाचून देण्याचे काम मी काही वर्षे करतो आहे.

एका निवृत्त शिक्षिकेने २००४ च्या सुमारास विंडोज एक्सपीवर, नोटपॅडमध्ये, आपल्या आईच्या आणि सासूच्या ओव्या टंकित करून ठेवल्या होत्या. त्या एका वेबपानावर चढवण्यासाठी कोणीतरी पर्लमध्ये छोटा कार्यक्रम लिहून दिला. कार्यक्रम विनातक्रार चालला, एकही त्रुटीचा संदेश आला नाही. पण पानावर प्रत्येक ओवीच्या जागी एखाददुसरा शब्द उरला होता. कुठे ‘आई’, कुठे ‘गाव’, कुठे ‘सोन्या’, तर कुठे काहीच नाही. बाई म्हणाल्या, “दादा, वहीसुद्धा आता राहिली नाही हो. वाळवी लागली.”

फायली मात्र शाबूत होत्या, उतारा तेवढा अर्धवट होता. असे का झाले, हे त्या उरलेल्या शब्दांतच लिहिलेले होते. मूळ फाईलशी ताडून पाहिले की ‘आई’पुढे ‘च्या’ होते, ‘गाव’पुढे ‘चा’, ‘सोन्या’पुढे ‘चं’. आणि जिथे काहीच उरले नव्हते, तिथे ओवीची सुरुवातच ‘चांदण्या’ने झाली होती. सगळ्या फायली पहिल्या ‘च’पाशी थांबल्या होत्या.

दहा, तेरा आणि सव्वीस

संगणकाला अक्षर माहीत नसते, अंक माहीत असतो. फाईल म्हणजे ० ते २५५ मधल्या अंकांची लांबच लांब माळ. त्यातला प्रत्येक मणी म्हणजे एक बाइट. कोणत्या अंकाला कोणते अक्षर म्हणायचे, हा माणसांनी ठरवलेला संकेत. यांतले पहिले बत्तीस अंक अक्षरांसाठी नाहीतच, ते यंत्राला हुकूम देण्यासाठी राखले गेले. त्यांपैकी तीन आपल्या कामाचे आहेत.

अंक १३ म्हणजे ‘गाडा मागे घ्या’ आणि १० म्हणजे ‘कागद एक ओळ वर सरकवा’. टंकयंत्रावर हात बसलेल्या वाचकाला या दोन वेगळ्या हालचाली आठवतील. दूरमुद्रकाला दोन्ही हुकूम द्यावे लागत. पुढे कागद गेला, गाडा गेला, हुकूम राहिले. युनिक्सने ओळ संपवायला एकटा १० पुरेसा मानला. डॉस आणि त्यामागून विंडोजने १३ आणि १० अशी जोडी ठेवली.

अंक २६ ची गोष्ट आणखी जुनी. डॉसच्या आधीच्या सीपीएम या प्रणालीत फाईलची लांबी १२८ बाइटांच्या खंडांत मोजत. शेवटच्या खंडात मजकूर नेमका कुठे संपला, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून तिथे २६ हा अंक खूण म्हणून ठेवायचा. ‘मजकूर समाप्त’. डॉसला फाईलची नेमकी लांबी ठाऊक असे, तरी ही सवय टिकली. विंडोजवर सी भाषेची वाचनव्यवस्था फाईल ‘मजकूर’ म्हणून उघडते तेव्हा तिला वाटेत २६ भेटला की ती वाचन थांबवते. तक्रार करत नाही, कारण तिच्या लेखी पोथी संपलेली असते.

‘च’ सव्विसावा कसा?

आता नोटपॅडकडे वळू. त्या काळच्या नोटपॅडमध्ये मजकूर ‘युनिकोड’ या नावाने जतन केला की तो यूटीएफ-१६ या पद्धतीने, प्रत्येक अक्षरखुणेला दोन बाइट देऊन लिहिला जाई, आणि त्यांतला लहान बाइट आधी. देवनागरीला युनिकोडमध्ये २३०४ पासूनची जागा मिळालेली आहे. २३०४ म्हणजे ९ गुणिले २५६. म्हणून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा मोठा बाइट ९ असतो, आणि लहान बाइट म्हणजे त्या अक्षराचा गटातला क्रमांक. ‘क’ २१ वा, ‘ख’ २२, ‘ग’ २३, ‘घ’ २४, ‘ङ’ २५, आणि त्यानंतर ‘च’. सव्वीस.

हा क्रम युनिकोडवाल्यांनी मनाने लावलेला नाही. तो ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रमाणाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला. त्यामागे आयआयटी कानपूरला सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान आणि मोहन तांबे यांच्यासारख्यांचे काम आहे. या प्रमाणाची १९९१ ची आवृत्ती भारतीय मानक म्हणून जाहीर झाली. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच क्रम द्यायचा आणि तो वर्णमालेचा द्यायचा, ही त्यामागची दृष्टी. खुद्द इस्कीत मात्र हा धोका नव्हता. तिथे भारतीय अक्षरे १६१ पासून वर बसवली होती, ‘क’ला १७९ आणि ‘च’ला १८४. खालचे हुकमी अंक अस्पर्श राहिले. यूटीएफ-८ या आज रूढ असलेल्या पद्धतीतही ते अस्पर्शच असतात : तिथे ‘च’ म्हणजे २२४, १६४, १५४ असे तीन बाइट. गोंधळ होतो तो यूटीएफ-१६ मजकुरावर जुनी वाचनव्यवस्था लावली की. मग ‘च’ हा समाप्तीचा शिक्का ठरतो, ‘ऊ’ म्हणजे १० अर्थात नवी ओळ, ‘ठ’ म्हणजे ३२ अर्थात मोकळी जागा.

शेजाऱ्यांचीही अवस्था फारशी बरी नाही. गुरुमुखी आणि गुजरातीच्या प्रत्येक अक्षराचा मोठा बाइट १० असतो, म्हणजे ओळीओळीने वाचणाऱ्या कार्यक्रमाला प्रत्येक अक्षरात ओळ संपल्याचा भास. तेलुगू-कन्नडला १२, मल्याळमला १३. तरीही ‘च’चा फटका मराठीला विशेष बसतो, आणि याचे कारण व्याकरणात आहे. आपला षष्ठीचा प्रत्यय चा-ची-चे. हिंदीत तेच काम का-की-के करतात आणि ‘क’ निरुपद्रवी २१ वा आहे. हिंदी मजकूर पहिला ‘च’ येईपर्यंत चार ओळी पुढे जाऊ शकतो. मराठीत कोणाचे काय, हे सांगायला गेलो की ‘च’ आलाच. ओवी तर नात्यांवरच उभी असते : आईचा, भावाची, माहेराच्या. जिथे नाते सांगायला सुरुवात होते, नेमके तिथे वाचन थांबत होते.

एक छोटे गणित करून पाहू. ‘आईच्या घरी’ या दोन शब्दांत आ, ई, च, हलन्त, य, काना, मोकळी जागा, घ, र, वेलांटी अशा दहा खुणा आहेत. प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे वीस. सुरुवातीला नोटपॅड २५५ आणि २५४ अशी दोन बाइटांची ओळखखूण लिहितो, ती धरून बावीस. जुन्या व्यवस्थेने वाचलेले बाइट मात्र सहाच : ओळखखूण, ‘आ’ आणि ‘ई’. लहान बाइट आधी असल्यामुळे २६ हा ‘च’चा पहिलाच बाइट, त्यामुळे तोड नेमकी अक्षराच्या सीमेवर पडते. अर्धे तुटलेले अक्षर उरत नाही, कचरा दिसत नाही. ‘आई’ हा शब्द पूर्ण आणि शुद्ध. वाचणाऱ्याला शंका यावी असे त्यात काहीच नाही, आणि नुकसान लक्षात न येण्याचे खरे कारण हेच.

पर्लचे थर

पर्ल ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे, आणि मजकूर चाळणे, तोडणे, जोडणे यांत ही भाषा पटाईत. भारतीय भाषांच्या जुन्या मजकुराचे रूपांतर करणारे कितीतरी कार्यक्रम तिच्यात लिहिले गेले. पण मजकुराची आवड असल्यामुळेच ती समोरची फाईल मजकूरच आहे असे धरून चालते. विंडोजवर याचा अर्थ असा की वाचताना १३-१० ही जोडी दिसली तर १३ गाळून फक्त १० द्यायचा, आणि लिहिताना प्रत्येक १० च्या आधी १३ घालायचा. ही सुधारणा नको असेल तर ‘बिनमोड’ हा हुकूम द्यावा लागतो. त्याचा अर्थ : जसे दिसेल तसे उतरव, स्वतःचे शहाणपण नको.

‘च’चा प्रकार पर्लच्या ५.६ या आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत घडतो, कारण त्या विंडोजवर सी भाषेच्या वाचनव्यवस्थेवर विसंबून होत्या. जुलै २००२ मध्ये आलेल्या ५.८ आवृत्तीने वाचन-लेखनाची स्वतःची थरांची रचना आणली. तिच्यातला १३-१० सांभाळणारा थर २६ ला समाप्ती मानत नाही. म्हणून तोच कार्यक्रम, तीच फाईल, पण एका संगणकावर ओवी तुटते आणि दुसऱ्यावर पूर्ण येते. अशा वेळी माणूस फाईलला दोष देतो. वास्तविक दोन लेखनिक वेगवेगळ्या परंपरेतले आहेत.

नव्या रचनेची स्वतःची एक खोडही होती. ५.८.० आवृत्तीत, संगणकाची भाषिक मांडणी यूटीएफ-८ असेल तर प्रत्येक फाईल यूटीएफ-८ च आहे असे पर्ल न विचारता मानू लागली. त्याच सुमाराला आलेल्या रेड हॅट लिनक्सच्या ८.० आवृत्तीने यूटीएफ-८ ही नेहमीची मांडणी केली. दोन चांगल्या हेतूंची गाठ पडली आणि चित्रे, आवाज, इस्की मजकूर वाचणारे जुने कार्यक्रम अडखळू लागले, कारण १२७ च्या वरचा प्रत्येक बाइट आता बहुबाइटी अक्षराचा तुकडा समजला जात होता. इथे एरवी ज्याला बिनमोडची गरज नाही असे म्हणत, त्या लिनक्सवरच बिनमोडवाचून चालेना. सप्टेंबर २००३ च्या ५.८.१ मध्ये ही न मागता केलेली समजूत काढून टाकण्यात आली.

आवाजातला एक बाइट

ओव्या नुसत्या लिहिलेल्या नसतात. बाईंकडे ध्वनिफीत संगणकावर उतरवून केलेल्या काही आवाजाच्या फायलीही होत्या, आणि वह्यांच्या काही पानांची छायाचित्रे. त्यांना दुसऱ्या प्रकारचा त्रास होतो.

दाबून लहान केलेल्या चित्रातले बाइट जवळजवळ यादृच्छिक असतात. कोणत्याही जागी १३ आणि त्यापुढे १० येण्याची शक्यता ६५,५३६ त एक. एका मेगाबाइटमध्ये १०,४८,५७६ बाइट असतात, म्हणजे अशा जोड्या सरासरी सोळा. मजकूर समजून वाचले की सोळा बाइट गळाले. दहा लाखांत सोळा ही गळती क्षुल्लक वाटते. पण दाबलेल्या चित्रात पुढच्या बाइटांचा अर्थ मागच्यांवर अवलंबून असतो, म्हणून पहिल्या गळतीनंतर चित्र तिरके सरकते, रंग बिघडतात किंवा खालचा भाग करडा होतो.

न दाबलेल्या आवाजात परिणाम निराळा होतो. तिथे आवाजाचा प्रत्येक नमुना दोन बाइटांचा असतो. मध्येच एक बाइट गळाला की पुढच्या सगळ्या जोड्या चुकतात : एका नमुन्याचा मोठा बाइट पुढच्याच्या लहान बाइटाशी जुळतो आणि गाण्याच्या जागी कर्कश खरखर ऐकू येते. पुढे कुठेतरी आणखी एक बाइट गळाला की जोड्या पुन्हा रुळावर येतात आणि गाणाऱ्या बाईचा आवाज स्वच्छ होतो. एकेरी ध्वनिमार्गाच्या फायलीत असे आळीपाळीने चालते. ऐकणारा म्हणतो, फीत खराब होती. फितीची खरखर हळूहळू वाढते आणि ओसरते. ही मात्र सुरीने कापल्यासारखी सुरू होते आणि तशीच थांबते. एवढ्या फरकावरून दोष फितीचा की वाचनाचा हे ओळखता येते.

एक ओळ मराठी, एक ओळ चिनी

वाचनाच्या चुकांसारख्या लेखनाच्याही चुका असतात, आणि त्यांतली एक फार चमत्कारिक दिसते. यूटीएफ-१६ मध्ये ओळीचा शेवट १० आणि ० अशा दोन बाइटांनी होतो. विंडोजवरचा मजकूर-थर अक्षरे पाहत नाही, बाइट पाहतो. त्याला १० दिसला की तो आधी १३ घालतो. दोन बाइटांची खूण तीन बाइटांची होते आणि पुढची सगळी ओळ एका बाइटाने सरकते. ‘न’ म्हणजे ४० आणि ९. सरकल्यावर मोठा बाइट ४० आणि लहान ९ असे वाचले जाते, आणि युनिकोडमध्ये त्या जागी ब्रेल लिपीची खूण आहे. ‘क’च्या जागी कॅनडातल्या आदिवासी भाषांची अक्षरखूण येते, ‘च’च्या जागी इंडोनेशियातल्या बुगी लिपीचे अक्षर, ‘ल’च्या जागी कंसातले कोरियन, दीर्घ वेलांटीच्या जागी चिनी, आणि ‘ठ’च्या जागी बारीक मोकळी जागा, म्हणजे काहीच नाही.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी आणखी एक १३ घुसतो आणि सरकलेल्या जोड्या पुन्हा जागेवर येतात. दोन ओळींची ओवी असेल तर पहिली ओळ मराठी आणि दुसरी अगम्य, तिसरी पुन्हा मराठी. मध्ये कुठे ‘ऊन’ किंवा ‘ऊस’ आला तर ‘ऊ’मधल्या १० मुळे ओळीच्या अधेमध्येच हा बदल होतो.

सुदैवाने ही चूक परतवता येते. लिहिताना प्रत्येक १० च्या आधी न चुकता एक १३ घातलेला असतो, म्हणून प्रत्येक १० च्या आधीचा एकेक १३ काढला की मूळ माळ तंतोतंत परत मिळते. वाचतानाच्या गळतीचे तसे नाही. उताऱ्यातल्या कोणत्या १० च्या आधी पूर्वी १३ होता, हे उतारा सांगू शकत नाही. जास्तीचे भरले गेले तर काढता येते. गाळले गेले ते मूळ प्रत असल्याशिवाय मिळत नाही. पोथीच्या अभ्यासकाला प्रक्षेप आणि लोप यांतला हा फरक ओळखीचा वाटेल.

‘पीठ’ आणि ‘पाठ’

आज बहुतेक मजकूर यूटीएफ-८ मध्ये असतो, त्यामुळे ‘च’ची भीती उरलेली नाही. पण नवा लेखनिकही एक जागा शोधतोच. यूटीएफ-८ मध्ये ‘अ’ म्हणजे २२४, १६४, १३३ आणि ‘ठ’ म्हणजे २२४, १६४, १६०. युरोपीय संकेतात एकटा १६० म्हणजे ‘न तुटणारी मोकळी जागा’ आणि १३३ म्हणजे ‘पुढची ओळ’. पर्लमध्ये ५.१४ पासूनचे नवे नियम मागितले, पण फाईलमधले बाइट अक्षरांत उलगडायला विसरले, तर प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजला जातो आणि १३३ व १६० मोकळ्या जागेत जमा होतात. मग ओळीच्या शेवटची मोकळी जागा छाटायला सांगितली की ‘पीठ’, ‘ओठ’, ‘गाठ’, ‘पाठ’ यांचा शेवटचा बाइट छाटला जातो आणि ‘ठ’च्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो. शब्द सुटे करायला सांगितले की ‘अभंग’ हा ‘अ’पाशी भंगतो. मराठीतले बाकीचे बहुतेक शब्द व्यवस्थित राहतात, म्हणून शंका टंकलेखकावर जाते.

परीक्षा कशी करावी

एवढ्या उदाहरणांवरून एक पद्धत हाती येते. ती पर्लपुरती नाही, पण शब्द पर्लचे वापरतो.

पहिले काम मोजण्याचे. डिस्कवर फाईल किती बाइटांची आहे आणि कार्यक्रमाच्या हाती किती आले, हे दोन आकडे शेजारी लिहावेत. हाती आलेला आकडा फारच लहान असेल तर २६ ची शंका घ्यावी. थोडासाच लहान असेल तर १३-१० ची. देवनागरी मजकुरात तो सुमारे एकतृतीयांश असेल तर बाइटांऐवजी यूटीएफ-८ अक्षरे मोजली जात आहेत. आकडे अगदी सारखे असूनही मजकूर चुकत असेल तर वाचन ठीक आहे, अर्थ लावण्यात गडबड आहे.

दुसरे काम पाहण्याचे. संपादकात उघडून अक्षरे पाहू नयेत, कारण संपादकही एक लेखनिकच असतो. ‘अनपॅक’ वापरून पहिले सोळा-वीस बाइट अंकांच्या रूपात छापावेत. २५५, २५४ ने सुरुवात असेल तर यूटीएफ-१६, लहान बाइट आधी. एकाआड एक ९ दिसत असतील तर ओळखखूण नसली तरी तेच. २२४, १६४ किंवा २२४, १६५ पुन्हा पुन्हा येत असतील तर यूटीएफ-८ मधली देवनागरी. नुसतेच १६१ च्या वरचे अंक असतील तर इस्की किंवा एखाद्या जुन्या खासगी फॉन्टचा संकेत.

तिसरे काम थर ठरवण्याचे. फाईल उघडतानाच ‘रॉ’ हा थर मागावा, किंवा उघडल्यावर पहिला बाइट वाचण्याआधी बिनमोड लावावा. अर्धे वाचून झाल्यावर लावलेला बिनमोड गेलेले परत आणत नाही. मजकूर असेल तर कच्चे बाइट हाती आल्यावर मग, कोणता संकेत ते स्पष्ट सांगून, ते अक्षरांत उलगडावेत. विंडोजवर यूटीएफ-१६ लिहायचे तर क्रम महत्त्वाचा : तळाशी रॉ, त्यावर संकेताचा थर, आणि ओळींची सुधारणा सर्वांत वर. म्हणजे १३ घालण्याचे काम अक्षरांवर होते, बाइटांवर नाही. आधी पीठ चाळावे आणि मग मळावे. मळलेला गोळा चाळता येत नाही.

चौथे काम मूळ प्रतीला हात न लावण्याचे. उतारा नेहमी वेगळ्या नावाने करावा.

बाईंच्या फायली या पद्धतीने वाचल्या तेव्हा बदल एका ओळीचा होता : फाईल उघडल्याबरोबर बिनमोड. ओव्या पूर्ण आल्या. आवाजाच्या दोन फायली मात्र कोणीतरी आधीच मजकूर समजून उतरवलेल्या होत्या आणि मूळ फीत पुसून तिच्यावर दुसरे काही भरले गेले होते. जिथे खरखर सुरू होते तिथे हाताने एक बाइट भरून जोड्या रुळावर आणल्या. गाणे ऐकू येते, पण गळालेल्या जागेचे नमुने अंदाजाने भरलेले आहेत. तशी नोंद मी त्या फायलींसोबत लिहून ठेवली आहे. चिकित्सक आवृत्तीत संपादकाने घातलेले अक्षर कंसात दाखवतात, तसेच हे.

शहाणी फाईल

ज्यांना हे धोके ठाऊक होते त्यांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. १९९६ मध्ये पक्के झालेले पीएनजी हे चित्रांचे स्वरूप घ्या. त्याच्या प्रत्येक फाईलची सुरुवात आठ बाइटांनी होते : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिला १२७ च्या वरचा. वाटेत कोणी वरचा बिट कापला तर तो लगेच बदलतो. मधले तीन म्हणजे स्वरूपाचे नाव. मग १३-१०, कोणी जोडीतला १३ गाळला तर इथेच कळते. २६ मुळे डॉसच्या पडद्यावर फाईल चुकून छापली तर छपाई तिथेच थांबते. शेवटचा एकटा १०. कोणी त्याच्याआधी १३ घातला तर तेही इथेच कळते. म्हणजे वाटेतल्या लेखनिकांच्या नेहमीच्या खोड्यांची यादीच फाईलच्या कपाळावर लिहून ठेवली आहे. त्यांतली एकही खोडी झाली असेल तर वाचणारा पहिल्या आठ बाइटांतच ‘ही प्रत अशुद्ध आहे’ असे म्हणू शकतो.

आपल्या घरगुती संग्रहांना असे कपाळ नसते. पण ते देता येते. फाईल जतन करताना शेजारी एका साध्या टिपणात चार गोष्टी लिहाव्यात : मजकुराचा संकेत कोणता, फाईल किती बाइटांची, ओव्या किंवा ओळी किती, आणि शेवटचा शब्द कोणता. यांतल्या शेवटच्या दोन गोष्टींना संगणकाचे ज्ञान लागत नाही. पुढच्या पिढीतला कोणी ती फाईल उघडेल तेव्हा त्याच्या हातातली वाचनव्यवस्था आपल्याला अनोळखी असेल आणि तिच्या खोडीही नव्या असतील. पण ओव्या एकशे बारा हव्यात आणि मिळाल्या चाळीस, एवढे त्याला मोजता आले तरी तो थांबेल आणि मूळ प्रत शोधू लागेल.